बारीकसारीक नियम

११ फेब्रुवारी

चि. बोरू,

अनेक आशीर्वाद. ते द्यायचा हक्क मला अजून आहे की नाही, याबद्दल तुझं मत वेगळं असेल. पण फुकट वाटता येईल असं दुसरं काही माझ्यापाशी नाही, तेव्हा मुकाट्यानं घेऊन टाक.

आई ठीक आहे. हे तुला सांगायला नकोच, कारण दर रविवारी तुम्ही दोघं फोनवर बोलत असता आणि नेमकी त्याच वेळी मला स्वयंपाकघरातली भांडी फार महत्त्वाची वाटू लागतात. कान लावून ऐकत नाही मी. आईचा आवाजच एवढा आहे. तू आणखी एक यंत्र घेतलंस, तुला सर्दी झाली होती, केस पार बारीक कापलेस, हे सगळं मला नळाच्या आवाजातूनही कळतं.

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. मांडीवर फळी घेऊन लिहिते आहे आणि ती डुगडुगते. कारखान्यात धड बसायला जागा नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नकाशा पसरलाय आणि मी आणि आई कडेकडेनं वावरतो आहोत.

कसला नकाशा ते सांगते. इथल्या संग्रहालयात बुद्धधर्माचं नवं दालन होतं आहे. तिथल्या संशोधक बाईंना अख्ख्या भिंतीवर मावेल असा नकाशा हवाय. बुद्धाच्या मागे त्याच्या माणसांचे किती पंथ झाले, कुठे झाले, कोण कुठून निघालं आणि कुठे जाऊन पोचलं, हे सगळं त्यात यायला हवं. छापील नको, हातानं काढलेला हवा आणि नावं अप्पांच्या वळणात हवीत. बाईंच्या शाळेत आपल्या कारखान्याचा जगाचा नकाशा टांगलेला होता म्हणे. त्याच्याकडे बघत त्यांनी गणिताचे सगळे तास काढले. त्यांचं गणित कच्चं राहिलं आणि आपल्याला काम मिळालं.

बाई मोठ्या गमतीच्या आहेत. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर, आणि तरी पर्समध्ये तिसरा शोधत असतात. चहाचा कप हातात घेऊन पायमोज्यांनी नकाशावर फिरतात आणि फिरता फिरता सांगत राहतात. कागदावर चहा घेऊन येणाऱ्याचं अप्पांनी काय केलं असतं, आठव. पण मी चालवून घेते. दुपारचं ऊन खिडकीतून कागदावर उतरलेलं असतं, आई खुर्चीत पेंगत असते, बाईंचा आवाज लांबून येतो आहे असं वाटतं, आणि त्या एका पावलात कुठल्या कुठे जातात. त्यांची टाच गंगेकाठी असते आणि बोटं हिमालयात.

परवा त्यांनी पहिल्या बैठकीची गोष्ट सांगितली. बुद्ध गेला, तेव्हा त्याचे जाणते शिष्य राजगृहाला जमले. त्याचं सगळं बोलणं आठवून एकत्र म्हणायचं, म्हणजे विसरायला नको. त्यात आनंद नावाचा शिष्यही होता. हा तर सावलीसारखा सतत बरोबर असायचा. तो म्हणाला, "भगवान जाण्याआधी म्हणाले होते, संघाला वाटलं तर माझ्यामागे बारीकसारीक नियम सोडले तरी चालतील." सगळ्यांनी विचारलं, "बारीकसारीक म्हणजे नेमके कुठले?" आनंद म्हणाला, "ते मी विचारलं नाही."

मी टाक खाली ठेवला, बोरू.

मग ज्यानं त्यानं आपापलं सांगितलं. हा लहान, तो लहान, मग तर तोही लहानच. एकमत होईना. शेवटी त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, लहान कुठले ते ठाऊक नाही ना, मग एकही सोडायचा नाही आणि नवा एकही घालायचा नाही. आनंदाला वर बोलणी बसली ती वेगळीच.

अप्पा खिडकीपाशी पडून होते तो आठवडा तू विसरला नसशील. तू पायाशी, मी उशाशी. त्यांचे डोळे मिटलेले होते. म्हणाले, "माझ्यामागं कारखान्याचे बारीकसारीक नियम बदललेत तरी चालेल." तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी तुझ्याकडे. एरवी दोघांची तोंडं बंद होत नाहीत, पण त्या वेळी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की अप्पा, कुठले?

आणि नियम काय थोडे होते! समुद्राचं नाव तिरपं आणि निळं. डोंगराचं नाव डोंगराच्या पाठीवरून. नदी समुद्रापासून सुरू करायची आणि उगमाकडे निमुळती करत न्यायची. पाण्याचा बाण कायम बारीक रेघेकडून जाड रेघेकडे. शाई ओली असताना खोलीत शिंकायचं नाही. आणि नाव हातानंच लिहायचं.

तू म्हणालास, हाच तो लहान नियम. अक्षर नीट लागल्याशी मतलब, टाकाचं एवढं काय, यंत्र आणू. मी म्हणाले, हाच तर सगळ्यात मोठा, शिंकेचा वाटल्यास सोडू. महिनाभर आपण त्यावर घसे कोरडे केले. मग नकाशे कापडावर चिकटवणाऱ्या खळमावशीला घेऊन तू दुसऱ्या शहरात निघून गेलास. आणि मी एकही नियम सोडला नाही, शिंकेचासुद्धा.

आनंदाची गोष्ट संपली तेव्हा आई जागी असल्याचं आम्हाला कळलं. ती बाईंना म्हणाली, "त्या बिचाऱ्याला कशाला बोलायचं? ज्याचं माणूस चाललंय त्याला प्रश्न सुचतात का?" बाई म्हणाल्या, "आजी, एका ग्रंथात त्यानंही अगदी हेच उत्तर दिलंय." आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ग्रंथ तिनंच लिहिला होता.

काम छान चाललं आहे. हात भरभर चालतो. दालन एप्रिलच्या सुरुवातीला उघडायचं आहे, तोवर सहज होईल. तू तब्येतीला जप आणि डोकं उघडं ठेवून फिरू नकोस.

तुझी,
ताई


६ मार्च

प्रिय बोरू,

तुझं उत्तर आलं नाही. मी काही वाट बघत नव्हते. पोस्टमन दोनदा आला तेव्हा दोन्ही वेळा मी दारातच होते, तो योगायोग.

आज तुला माझी फजिती सांगते. हसशील, आणि हसलास तर मला आवडेल.

नदी काढतो तसा मी हा नकाशा काढला. दुसरं येतंय काय मला? राजगृहापासून जाड निळी रेघ घेतली, बुद्धाच्या सगळ्या माणसांची मिळून एक. ती वैशालीपर्यंत आणली आणि बाईंना विचारलं, इथे काय झालं?

तर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीचे भिक्षू शिंगात मीठ साठवून ठेवायला लागले होते, अळणी काही वाढलं गेलं तर असू दे म्हणून. दुपार टळून सावली दोन बोटं सरकली तरी जेवायला बसायचे. सोन्याचांदीचं दानही घ्यायचे. अशा दहा गोष्टी निघाल्या. बाहेरगावचे भिक्षू आले आणि म्हणाले, हे चालणार नाही. पुन्हा मोठी बैठक बसली. मिठावरून! मला हसू आवरेना. आई मात्र हसली नाही. म्हणाली, "आपल्याकडे टाकावरून झालं."

तेव्हा निभावलं, पण पुढे फूट पडलीच. एकीकडे स्थविर म्हणजे वडीलधारे, दुसरीकडे महासांघिक म्हणजे मोठा संघ. चूक कुणाची, ते तू कुणाचं पुस्तक उघडतोस त्यावर आहे. स्थविरांकडचे म्हणतात, ते सैल पडले. महासांघिकांचा एक ग्रंथ म्हणतो, वडीलधाऱ्यांनी नवे नियम घुसडायला घेतले, आम्ही जुनंच धरून राहिलो. दोघांनाही वाटतं की आपण घरातच आहोत आणि उठून गेला तो दुसरा. एवढं सांगून बाई शांतपणे चहा प्यायल्या. आईनं यांना आपल्याबद्दल काही सांगितलंय की काय, असा मला दाट संशय आला.

तिथून फाट्याला फाटा. अठरा पंथ झाले असं म्हणतात, पण बाईंकडच्या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि मोजायला बसलं तर अठराच्या वर जातात. त्यातले सर्वास्तिवादी मला फार आवडले. ते म्हणायचे, झालेलं, होत असलेलं आणि व्हायचं ते, तिन्ही आहेच. गेलेलं म्हणजे नाहीसं झालेलं नव्हे. त्यांच्यातूनच दुसरे निघाले, ते म्हणाले, छे, आत्ताचं तेवढं खरं. बाई दोन्ही बाजू समजावत होत्या, पण मी पहिल्यांपाशीच अडकून बसले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाहिलं तर अप्पा अजून खिडकीपाशी बसून टाक पुसताहेत, तू टेबलाखाली लपलायस आणि मी तुझं नाव सांगत नाहीये. मी त्यांची रेघ काश्मीरकडे नेली आणि जरा जास्तच हळू नेली.

धर्मगुप्तक वायव्येकडून वर निघून चीनपर्यंत गेले. थेरवाद्यांची रेघ खाली लंकेत उतरली, मग समुद्रापलीकडे ब्रह्मदेश, सयाम. मी विचारलं, "आणि महायान कुठे फुटतं ते दाखवा." बाई कागदावर बऱ्याच फिरल्या आणि म्हणाल्या, "दाखवता येत नाही. ते एका जागी फुटलंच नाही." सुरुवातीला त्यांचं वेगळं घरच नव्हतं. चीनहून आलेल्या प्रवाशांनी पाहिलंय की एकाच विहारात दोन्ही तऱ्हांचे भिक्षू राहायचे, नियमही तेच पाळायचे, फक्त वाचायची पुस्तकं निराळी. मग मी रेघ काढलीच नाही. सगळ्या रेघांखालून फिकट पिवळ्या रंगाचा हलका हात फिरवला, तो पुढे गडद होत चीन, जपान आणि तिबेटात जातो. मला वाटतं अप्पांना हे पसंत पडलं असतं.

दुपारी रंग वाळेपर्यंत मी कागदाच्या कडेलाच आडवी झाले. झोप होती की काय कोण जाणे. नकाशावरून माणसं चालली होती, मुंडण केलेली, हातात भिक्षापात्रं, अंगावर वाळलेल्या पानांच्या रंगाची वस्त्रं. एवढीशी, बोटाएवढी. ओल्या रेघेपाशी आली की वस्त्र वर उचलून अलगद ओलांडायची. त्यांच्या पावलांचा आवाज कागदावर बोट फिरवल्यासारखा येत होता. एकजण माझ्या कोपरापाशी थांबला आणि म्हणाला, "ताई, जरा हात सरकवता का?" मी सरकवला. जाग आली तेव्हा आई माझ्या अंगावर शाल घालत होती आणि खोलीभर निळ्या शाईचा वास होता.

उठल्यावर मी रेघांवर बाण रेखाटले. नदी झाली की बाण, सवयच आहे हाताला. बाई आल्या, कागदावर दोन पावलं टाकून थबकल्या, चष्मा बदलला, पुन्हा पाहिलं. "ताई," त्या म्हणाल्या, "तुमच्या नकाशात सगळे घरी परत चाललेत."

आपल्याकडे बाण बारीककडून जाडकडे! जपानचं पाणी चीनमध्ये, चीनचं काश्मीरमध्ये, सयामचं लंकेत आणि सगळं मिळून राजगृहाला बुद्धाच्या पायाशी. इतकी वर्षं नकाशे काढून मी हा घोळ घालावा! बाई हसल्या, हसून हसून डोक्यावरचा चष्मा खाली पडला. मग त्या तिथेच वैशालीच्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "पण कुठल्याही पंथाला हे दाखवा. तो म्हणेल, आमचा बाण अगदी बरोबर आहे, बाकीच्यांचे तेवढे उलटे करा."

बाण तर खोडायलाच हवे होते. पात्यानं शाई खरवडायची, वरचा थर तेवढा निघाला पाहिजे, कागद दुखावता कामा नये. आपण दोघं डोळे मिटून करायचो.

इथपर्यंत मी सगळं हसत लिहिलं. पुढचं मागच्या पत्रातच लिहायचं होतं.

पातं घसरलं, बोरू. पहिल्याच बाणाला घसरलं आणि काश्मीरला भोक पडलं. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा बाईंनी माझं मनगट धरलं आणि पातं हळूच काढून घेतलं. बाकीचे बाण त्यांनीच खरवडले, जीभ दातांत धरून. मी बघत बसले.

फळी डुगडुगत नाही. मागचं पत्रही मी टेबलाशी बसूनच लिहिलं होतं.

हाताला कंप आहे. आधी कपातला चहा बशीत सांडायला लागला, मग बटणं लागेनात. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी थोडा आवरेल, जाणार नाही. लांब रेघ अजून जमते, कोपर टेकवून सगळा हात ओढला की येते. पण नाव लिहायला बोटं लागतात आणि बोटं माझं ऐकत नाहीत. आईला मी शपथ घातली होती तुला न सांगण्याची. तिनं ती पाळली, यावरून तिला किती वाईट वाटलंय ते समज.

नकाशावर एकही नाव नाही. नुसत्या निळ्या रेघा आणि खाली पिवळा रंग. सुंदर दिसतं, पण कोण कुठले ते कुणालाही कळणार नाही. महिनाअखेरपर्यंत नावं झाली नाहीत तर संग्रहालय मिळेल त्या छापील अक्षरात ती डकवून टाकणार आहे. बाई माझ्यासाठी भांडल्या, पण त्यांच्याही वर माणसं आहेत. अप्पांचं वळण जगात दोघांनाच येतं. एक मी, माझं हे असं झालं.

दुसरा तू. टाक धुऊन, पुसून तुझ्यासाठी ठेवला आहे. नावांची यादी सोबत जोडली आहे. चार दिवस ये आणि नावं लिहून जा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. येशील?

ताई


२१ मार्च

बोरू,

हे पत्र शिसपेनीनं लिहिते आहे, मोठ्या मोठ्या अक्षरांत. एका पानात चार ओळी बसतात. पाकीट जड लागलं तर घाबरू नकोस.

दारावर थाप पडली तेव्हा मी अर्ध्या केसांची वेणी तशीच सोडून धावले. दारात खळमावशी होती. अजून तशीच, कोपरापर्यंत बाह्या वर, जशी काही इकडे येतानाही वाटेत कुठेतरी कागद चिकटवून आली. मी तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"तो नाही आला?"

"हे पाठवलंय," ती म्हणाली आणि बगलेतली गुंडाळी पुढे केली.

पारदर्शक पट्ट्या. एकेका पट्टीवर एकेक नाव, यंत्रावर छापलेलं. वर कागदाचा कपटा: "काही कमी पडलं तर कळव." एवढंच. ताई नाही, नमस्कार नाही.

तुला खरं सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हात मागितला होता आणि तू यंत्र पाठवलंस. गुंडाळी मी आईच्या मांडीवर टाकली आणि मावशीला नको ते बोलले. ती बिचारी पाणी पीत राहिली. आईनं चष्मा लावला, एक पट्टी उजेडात धरली आणि मला विचारलं, "हे तू कधी लिहिलंस?"

मी म्हणाले, मी नाही लिहिलेलं.

"तुझंच आहे की."

मी पाहिलं. "वैशाली" लिहिलं होतं. माझ्यासारखं नव्हे, बोरू, माझं. तो श माझा, ती वेलांटी माझी, तिला जरा पुढे झुकायची खोड आहे ती माझी. आणि ल. त्या ल ला खाली ओळीच्या बाहेर वळलेलं शेपूट होतं, अप्पा काढायचे तसं. मी बघतच राहिले. असा ल मी कित्येक वर्षांत काढलेला नाही. कामं घाईची असायची, शेपटाला वेळ लागतो, कधीतरी ते गळलं आणि मला पत्ताही लागला नाही. मी! मी एक नियम सोडला नाही म्हणून गावभर टेंभा मिरवणारी. आणि जो सगळे मोडून गेला म्हणून मी सांगत होते, त्याच्याकडे ते शेपूट जसंच्या तसं होतं.

मग मावशी बोलली. गेल्या गेल्या पहिल्या हिवाळ्यात तू माझ्या हातचा जुना जगाचा नकाशा भिंतीवर लावलास आणि त्यातून एकेक अक्षर उचलून यंत्रात घातलंस. रोज काम संपलं की तेवढंच करत बसायचास. मावशी म्हणाली, "यंत्रात अक्षरांच्या प्रत्येक वळणाला नाव द्यावं लागतं. याचं नाव त्यानं ताई ठेवलंय." तुझ्याकडची माणसं, ज्यांनी मला कधी पाहिलेलं नाही, दिवसभर एकमेकांना सांगतात म्हणे, "समुद्राला ताई लाव, तिरपी. डोंगराला ताई लाव, जाड." एका नव्या मुलीला तर वाटतं की ताई हे अक्षराचंच नाव आहे, अशी कुणी बाई नसतेच.

मी स्वयंपाकघरात गेले. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासली. खूप रडले.

तुझं माझं वाजलं तेव्हा सगळ्यांना वाटलं मला राग आला. राग नव्हता. यंत्र आलं की मी कशाला हवी, ही भीती होती. मला लिहिण्याखेरीज काही येत नाही. हात कापायला लागला तेव्हा तर वाटलं, चला, आता खरंच संपलं, आता मी फक्त औषधं घेणारी एक बाई. आणि तिकडे तू रोज सकाळी यंत्र सुरू करून माझं नाव घेत होतास. एकदा तरी सांगायचंस, मूर्खा.

बाई संध्याकाळी आल्या. त्यांनी पट्ट्या पाहिल्या, सगळी हकिगत ऐकली, आणि नेहमीसारखं चालायला न लागता आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, या पंथांच्या इतिहासात हे नेहमीच होत आलंय. माझे ते लाडके सर्वास्तिवादी घरच्या भूमीतून पार नाहीसे झाले. त्यांचे ग्रंथ आज वाचायला मिळतात ते बरेचसे चिनी आणि तिबेटी भाषेत, कारण दूर गेलेल्यांनी आपल्या भाषेत उतरवून ठेवले. धर्मगुप्तक इथून गेले, पण त्यांचे नियम चीनमधले भिक्षू अजून पाळतात. आणि लंकेत एकदा अशी वेळ आली की नव्या माणसाला रीतसर दीक्षा द्यायला पुरेसे भिक्षूच उरले नाहीत. तेव्हा त्यांनी सयामला माणसं पाठवली. सयामला ती परंपरा मुळात लंकेनंच दिलेली होती. आपणच दिलेलं ते आपणच मागायला गेले, आणि सयामचे भिक्षू जहाजात बसून द्यायला आले.

"लाज नाही वाटली त्यांना मागायला?" आईनं विचारलं.

"वाटली असेल," बाई म्हणाल्या. "पण गेले."

मावशीनं तोवर खळ शिजवायला घेतली होती. आम्ही चौघींनी पट्ट्या लावल्या. मी सांगायचं कुठे, मावशीनं लावायचं, बाईंनी पंथ बरोबर आहे का ते बघायचं आणि आईनं सगळ्यांच्या चुका काढायच्या. लंकेचा ल सगळ्यात देखणा आलाय, समुद्रात शेपूट बुडवून बसलाय. काश्मीरच्या भोकावर मावशीनं मागून ठिगळ लावलं, बोट फिरवलं तरी कळत नाही. नकाशा काल संग्रहालयात गेला. आता खोली एवढी मोकळी झाली आहे की आपलाच आवाज घुमतो.

तू लिहिलंस, काही कमी पडलं तर कळव. कळवते. माणूस कमी पडतंय. मला तू हवा आहेस, बोरू, चार दिवसांसाठी नव्हे आणि नावं लिहायला तर अजिबात नव्हे.

पण "ये" असं मी मागच्या वेळी लिहिलं होतं ते मागे घेते. येणार मी आहे. मावशीबरोबरच निघतो आम्ही, मी आणि आई. आईनं पेटी भरून, पुन्हा उपसून, पुन्हा भरली आहे. तुझ्या घरात जागा कमी असेल तर आम्ही कारखान्यात पथारी टाकू. तुझं यंत्र चालवायला बोटं लागत असली तरी ती सरळ रेघेत धरावी लागत नाहीत, असं मावशी म्हणते. कळ दाबायची आणि दाबता दाबता हात हलला तरी अक्षर हलत नाही. हे खरं असेल तर मला ते शिकव. पहिल्यापासून शिकव, मला काही येत नाही असं धरून. मी मधेच शहाणपण करीन, तेव्हा गप्प बसव. त्या नव्या मुलीच्या शेजारी मला जागा दे. मी कोण ते तिला सांगायची घाई करू नकोस, आधी मला तिच्याकडून थोडं शिकून घेऊ दे.

गाडीची वेळ आई रविवारी फोनवर सांगेल. स्टेशनवर घ्यायला आलास तर बरं होईल. माझ्या हातून सामान पडतं हल्ली.

तुझ्या हाताखाली काम शिकायला निघालेली,
ताई